रीबूटनंतर सेन्सरचा क्रमांक का बदलतो? लिनक्सवरच्या एचडब्ल्यूमॉनच्या घोळावर टिकणारा उपाय

लक्षणं साधारण अशी असतात. रात्री मशीन बंद करताना पॅनलवर सीपीयूचं तापमान ४८ अंश दिसत होतं. सकाळी चालू केलं तर आकडा ३४ वर बसलेला, आणि मोठं कंपाइल लावलं तरी जागचा हलत नाही. कुणाच्या पॅनलवर तो रकानाच रिकामा येतो. कुणाची पंख्यांचा वेग सांभाळणारी फॅनकंट्रोल सेवा उठतच नाही, आणि लॉगमध्ये ‘कॉन्फिगरेशन जुनं झालेलं दिसतंय, पीडब्ल्यूएमकॉन्फिग पुन्हा चालवा’ अशा अर्थाची ओळ सापडते. कॉन्फिगरेशन बनवणारं ते टूल पुन्हा चालवलं की सगळं सुरळीत. मग कर्नलचं एखादं अपडेट येतं, किंवा नुसता रीबूट होतो, आणि पहिले पाढे पंचावन्न.

यात हार्डवेअर बिघडलेलं नसतं आणि लिनक्सही चुकत नसतं. सेन्सर होता तिथेच असतो, फक्त त्याचा क्रमांक बदललेला असतो. आपलं टूल मात्र त्या क्रमांकालाच सेन्सरची ओळख समजून बसलेलं असतं. दर वेळी नवा क्रमांक शोधून फाइलीत टाकणं हा उपाय नाही. टूलला क्रमांकावरून उठवून खऱ्या ओळखीवर बसवणं हा उपाय आहे. ते कसं करायचं ते खाली लिहिलं आहे.

(कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चारानुसार देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये ती मूळ स्पेलिंगनेच टाइप करावी लागतील.)

क्रमांक येतो कुठून

एचडब्ल्यूमॉन म्हणजे हार्डवेअर मॉनिटरिंग, सेन्सर वाचण्याची कर्नलची व्यवस्था. हार्डवेअरची देखरेख करणारा प्रत्येक ड्रायव्हर सुरू झाला की कर्नलकडे नोंद करतो, आणि कर्नल त्याला रिकामा असलेला सर्वांत लहान क्रमांक देतो: एचडब्ल्यूमॉन०, एचडब्ल्यूमॉन१, एचडब्ल्यूमॉन२. दवाखान्यातल्या टोकनसारखाच हा प्रकार आहे. आधी आला त्याला आधीचा नंबर, आणि उद्या तोच पेशंट आला तरी तोच नंबर मिळेल असं नाही.

बूट होताना यूडेव्ह (उपकरणं ओळखून ड्रायव्हर चढवणारी सेवा) अनेक ड्रायव्हर एकाच वेळी चढवतो. कोण आधी पोहोचेल हे त्या त्या वेळच्या धावपळीवर ठरतं. एनव्हीएमई डिस्कवर रूट असेल तर तिचा ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमध्येच, म्हणजे बूटच्या सुरुवातीच्या तात्पुरत्या फाइलसिस्टिममध्येच, चढतो, म्हणून तो बहुधा पहिल्या काही क्रमांकांत असतो. एएमडीचा के१०टेम्प किंवा इंटेलचा कोअरटेम्प प्रोसेसर ओळखून आपोआप चढतो. मदरबोर्डवरच्या सुपर आयओ चिपचा (बोर्डवरचे पंखे आणि तापमान सांभाळणाऱ्या चिपचा) ड्रायव्हर एनसीटी६७७५ मात्र बऱ्याच मशीनवर आपण सांगितल्याशिवाय येत नाही. त्यात वायफाय कार्ड, ग्राफिक्स कार्ड आणि लॅपटॉपची बॅटरीही आपापली नोंद करतात.

कर्नल बदलला की घोळ वाढतो, कारण नव्या कर्नलमध्ये आधी न बोलणारी उपकरणं बोलू लागतात. एनव्हीएमई डिस्कचं तापमान एचडब्ल्यूमॉनमध्ये आलं ते ५.५ पासून, म्हणजे जानेवारी २०२० मध्ये. साटा डिस्कसाठीचा ड्राइव्हटेम्प ५.६ मध्ये आला. ६.११ मध्ये डीडीआर५ रॅमच्या प्रत्येक पट्टीवरचा सेन्सर वाचणारा एसपीडी५११८ आला. उबंटू २४.०४ वापरणाऱ्या अनेकांना तो कर्नल चालू आवृत्तीतच, हार्डवेअर एनेबलमेंटच्या वाटेने मिळाला. वितरण तेच, मशीन तेच, पण यादीत रॅमच्या प्रत्येक पट्टीमागे एक नोंद वाढली. मग खालचे क्रमांक सरकले तर नवल नाही.

कर्नलच्या दस्तऐवजांनी हा क्रमांक कायम राहील असं वचन कधीच दिलेलं नाही. आपण ते गृहीत धरलं, कारण एका मशीनवर महिनोन्महिने तो योगायोगाने तोच येत राहतो.

आधी खात्री करून घ्या

/सिस/क्लास/एचडब्ल्यूमॉन या फोल्डरमध्ये जा. तिथे प्रत्येक क्रमांकाचा एक फोल्डर असेल आणि त्यात ‘नेम’ नावाची फाइल. ‘ग्रेप’ला रिकामा पॅटर्न देऊन सगळ्या नेम फाइली एका दमात वाचता येतात. एका रायझन डेस्कटॉपवर काहीसं असं दिसेल:

एचडब्ल्यूमॉन० : एनव्हीएमई
एचडब्ल्यूमॉन१ : एनव्हीएमई
एचडब्ल्यूमॉन२ : के१०टेम्प
एचडब्ल्यूमॉन३ : एएमडीजीपीयू
एचडब्ल्यूमॉन४ : एनसीटी६७९८

ही यादी एका फाइलीत जपा, रीबूट करा, पुन्हा काढा आणि ‘डिफ’ने ताडून पाहा. क्रम बदलला असेल तर निदान पक्कं झालं. एका रीबूटमध्ये बदलला नाही म्हणून अडचण नाही असं मात्र समजू नका. कर्नल अपडेट होईपर्यंत यादी जपून ठेवा आणि तेव्हा परत ताडा.

आता तुमचं टूल कुठे वाचतंय ते पाहा. पॅनलच्या, तसंच आकडे पडद्यावर दाखवणाऱ्या कॉन्की आणि पोलीबार या टूलच्या कॉन्फिगमध्ये आणि स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये ‘एचडब्ल्यूमॉन’ शोधा. त्याच्या लगेच पुढे आकडा लिहिलेली प्रत्येक ओळ पुढे कधीतरी दगा देणार.

याच वेळी /सिस/क्लास/थर्मल बघून घ्या. तिथले थर्मल झोनही असेच क्रमांकाने येतात आणि तेही असेच सरकतात. तिथे ओळख ‘टाइप’ नावाच्या फाइलीत असते. पोलीबारच्या कॉन्फिगमध्ये ‘थर्मल-झोन = ०’ असं लिहिलेलं पुष्कळदा सापडतं. बऱ्याच मशीनवर तो झोन एसीपीआयटीझेड असतो, म्हणजे बायोसने सांगितलेला आकडा. काही मदरबोर्डांवर तो वर्षभर एकाच अंशावर थिजलेला असतो. आकडा हलतच नसेल तर आधी हीच शंका घ्यावी.

नाव पुरेसं आहे का?

अर्ध्या वेळा पुरतं. सीपीयूसाठी के१०टेम्प किंवा कोअरटेम्प हे नाव एका सॉकेटच्या घरगुती मशीनवर एकदाच येतं, तिथे नावावर भागतं. पण वरच्या यादीत एनव्हीएमई दोनदा आहे. ड्राइव्हटेम्प प्रत्येक डिस्कमागे एकदा येतो, एसपीडी५११८ प्रत्येक पट्टीमागे. अशा ठिकाणी नुसतं नाव शोधणारं स्क्रिप्ट पहिलं सापडेल ते उचलतं. ते आज बरोबर असतं आणि उद्या दुसऱ्या डिस्कचं तापमान दाखवतं. हा बिघाड रिकाम्या रकान्यापेक्षा वाईट, कारण आकडा अगदी विश्वासार्ह दिसतो.

म्हणून ओळखीचे तीन थर लक्षात घ्यावेत. पहिला चिपचं नाव. दुसरा ती चिप कशावर बसली आहे तो पत्ता. तिसरा त्या चिपच्या आतल्या सेन्सरचं लेबल.

पत्ता मिळतो ‘डिव्हाइस’ या दुव्यातून. एचडब्ल्यूमॉन फोल्डरमधला हा दुवा ‘रीडलिंक -एफ’ने उलगडला की उपकरण कुठे बसलंय ते कळतं. कोअरटेम्पसाठी /सिस/डिव्हायसेस/प्लॅटफॉर्म/कोअरटेम्प.० येईल, हा मार्ग बदलत नाही. ग्राफिक्स कार्डासाठी पीसीआयचा पत्ता येईल. तो रीबूटला टिकतो, पण नवं कार्ड बसवलं तर बसचे क्रमांक सरकू शकतात. डिस्कसाठी सगळ्यांत भरवशाचा तिचा अनुक्रमांक. अलीकडच्या कर्नलवर एनव्हीएमईच्या डिव्हाइस दुव्याखाली ‘मॉडेल’ आणि ‘सीरियल’ अशा सरळ वाचता येणाऱ्या फाइली असतात. एनव्हीएमई०, एसडीए या नावांवर विसंबू नका, तीही क्रमानेच वाटली जातात.

तिसऱ्या थराकडे लोक सगळ्यांत कमी लक्ष देतात. टेम्प१_इनपुट म्हणजे कायम एकच सेन्सर असं नसतं. रायझनच्या पहिल्या पिढीत १७००एक्स आणि १८००एक्स यांच्यावर टीसीटीएल हा आकडा खऱ्या तापमानापेक्षा २० अंश जास्त असतो, आणि खरा आकडा टीडाय या लेबलखाली येतो. के१०टेम्पमध्ये आधी टेम्प१ला टीडाय होतं आणि टेम्प२ला टीसीटीएल. २०२० मध्ये ड्रायव्हरने या दोघांची अदलाबदल केली. टेम्प१ थेट वाचणाऱ्या लोकांच्या पॅनलवर कर्नल बदलल्यावर तापमान एकदम २० अंशांनी चढलं. टेम्प१_लेबल, टेम्प२_लेबल वाचून टीडाय शोधणाऱ्या स्क्रिप्टला याचा पत्ताही लागला नाही.

इंटेलवरही असंच आहे. कोअरटेम्पमध्ये ‘पॅकेज आयडी ०’ हे लेबल असलेला आकडा हवा असतो, आणि कोअरचे क्रमांक सलग येतीलच असं नाही.

वाचण्यापुरता उपाय

फक्त आकडा दाखवायचा असेल तर सगळ्यांत सोपी वाट ‘सेन्सर्स’ कमांडची. तिच्यामागची लिबसेन्सर्स ही लायब्ररी चिपला क्रमांकाने हाक मारतच नाही. तिथे नाव येतं के१०टेम्प-पीसीआय-००सी३, एनसीटी६७९८-आयएसए-०२९०, एनव्हीएमई-पीसीआय-०१००, म्हणजे चिप, बस आणि पत्ता एकत्र. म्हणूनच एचडब्ल्यूमॉनच्या नावात कर्नल आडवी रेघ (हायफन) चालू देत नाही; ती रेघ लिबसेन्सर्सने तुकडे पाडण्यासाठी राखून ठेवलेली आहे.

स्क्रिप्टमधून वाचायचं असेल तर ‘सेन्सर्स -जे’ वापरा. ३.५.० पासून हे जेसॉनमध्ये उत्तर देतं. मग ‘जेक्यू’ने चिप आणि लेबल सांगून नेमका आकडा काढता येतो. साध्या आउटपुटवर ‘ऑक’ चालवून तिसरा रकाना उचलण्याची पद्धत सोडून द्यावी. एक ओळ वाढली की ती भलताच आकडा आणते.

सेन्सर्स बसवायचं नसेल तर लहानसं शेल स्क्रिप्ट पुरतं. प्रत्येक एचडब्ल्यूमॉन फोल्डरची नेम फाइल वाचायची. हवं ते नाव जुळलं की त्या फोल्डरमधल्या सगळ्या लेबल फाइली पाहायच्या. लेबल जुळलं की फाइलीच्या नावातलं ‘लेबल’ काढून ‘इनपुट’ लावायचं, ती फाइल वाचायची आणि १००० ने भागायचं, कारण कर्नल तापमान अंशाच्या हजाराव्या भागात देतो. ४८००० म्हणजे ४८ अंश. काहीच जुळलं नाही तर स्क्रिप्टने त्रुटी देऊन थांबावं. शून्य किंवा जुना आकडा छापू नये.

वेबार या पॅनलमध्ये याची सोय आधीच आहे. ‘एचडब्ल्यूमॉन-पाथ’ऐवजी ‘एचडब्ल्यूमॉन-पाथ-ॲब्स’ वापरा. त्यात /सिस/डिव्हायसेस पासून सुरू होऊन ‘एचडब्ल्यूमॉन’वर संपणारा मार्ग द्या आणि ‘इनपुट-फाइलनेम’मध्ये टेम्प१_इनपुट लिहा. मधला क्रमांक वेबार स्वतः शोधतो. पोलीबार पूर्ण मार्ग मागतो. तिथे बार सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये मार्ग शोधून तो एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून पुढे द्यावा.

घरच्या सर्व्हरवर प्रोमिथियसचा नोड एक्स्पोर्टर (मशीनचे आकडे गोळा करून देणारा प्रोग्राम) असेल तर चिपचं लेबल त्याने उपकरणाच्या मार्गावरूनच घडवलेलं असतं, उदाहरणार्थ प्लॅटफॉर्म_कोअरटेम्प_०. तिथे क्रमांकाचा त्रास कमी. फक्त एनव्हीएमईच्या लेबलात पुन्हा एनव्हीएमई० येतं, तेवढं डॅशबोर्डवर सांभाळा.

पंख्यांचं प्रकरण वेगळं आहे

आतापर्यंत चुकीचा आकडा दिसत होता. पंख्यांच्या बाबतीत चुकीच्या ठिकाणी आकडा लिहिला जातो. एएमडीच्या ग्राफिक्स कार्डाच्या एचडब्ल्यूमॉन फोल्डरमध्येही पंख्याचा वेग ठरवणारी पीडब्ल्यूएम१ नावाची फाइल असते आणि मदरबोर्डच्या चिपच्या फोल्डरमध्येही. दोन्ही ० ते २५५ मधला आकडा घेतात. ‘एचडब्ल्यूमॉन४ मधल्या पीडब्ल्यूएम१मध्ये ६० लिही’ असं सांगणारं घरगुती स्क्रिप्ट क्रमांक सरकल्यावर केसच्या पंख्याऐवजी ग्राफिक्स कार्डाचा पंखा मंद करू शकतं, आणि कुठे त्रुटीही दिसत नाही. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांच्या पुढे असते. तिथे ही चूक परवडत नाही. असं स्क्रिप्ट तुमच्या मशीनवर असेल तर पुढचं वाचण्याआधी ते बंद करा.

फॅनकंट्रोल या बाबतीत सावध आहे. त्याच्या कॉन्फिगमध्ये डेव्हपाथ आणि डेव्हनेम अशा दोन ओळी असतात. कोणत्या क्रमांकावर कोणतं उपकरण अपेक्षित आहे ते त्यांत लिहिलेलं असतं, जसं एचडब्ल्यूमॉन४ = डिव्हायसेस/प्लॅटफॉर्म/एनसीटी६७७५.६५६. सुरू होताना तो हे ताडतो, आणि जुळलं नाही तर पंख्यांना हात न लावता थांबतो. मग पंखे बायोसच्या आखणीप्रमाणे चालतात. वर सांगितलेली ती वैतागवाणी ओळ म्हणजे हे संरक्षण आहे. ती ओळ येऊ नये म्हणून डेव्हपाथ आणि डेव्हनेम खोडून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

मॉड्यूलचा, म्हणजे ड्रायव्हर चढण्याचा, क्रम ठरवून द्या, हा आणखी एक नेहमीचा सल्ला. /ईटीसी/मॉड्यूल्स-लोड.डी मध्ये के१०टेम्प आधी, एनसीटी६७७५ नंतर लिहायचं. काही मशीनवर याने काम भागतं. पण यूडेव्हचं आपोआप चढवणं त्याच सुमारास चालू असतं, इनिटरॅमएफएसमधले ड्रायव्हर त्याही आधी येतात, आणि नव्या कर्नलने आणलेला नवा ड्रायव्हर या यादीत नसतोच. एनसीटी६७७५ हमखास चढावा म्हणून ती फाइल ठेवा, क्रमासाठी तिच्यावर भिस्त ठेवू नका.

यूडेव्हचा नियम लिहून सिमलिंक (कायम नावाचा दुवा) करू, असंही अनेकांना सुचतं. इथे एक अडसर आहे. यूडेव्हचा नेहमीचा सिमलिंकचा पर्याय /डेव्हमध्ये नोड असलेल्या उपकरणांसाठीच चालतो, आणि एचडब्ल्यूमॉनला तसा नोड नसतो. नियम अगदी बरोबर लिहूनही दुवा तयार होत नाही तो यामुळे. नियमात सबसिस्टिम एचडब्ल्यूमॉन आणि ॲट्रिब्यूट नेम जुळवून ‘रन’मधून ‘एलएन -एसएफएन’ चालवावं लागतं. दुवा /रनखाली करा, म्हणजे रीबूटला जुना दुवा उरत नाही. स्वतःच्या स्क्रिप्टसाठी हे उत्तम आहे.

फॅनकंट्रोलसाठी मला साचा वापरण्याची पद्धत सगळ्यांत पटते. पीडब्ल्यूएमकॉन्फिगने तयार केलेल्या कॉन्फिगची प्रत साचा म्हणून ठेवा, आणि तिच्यात एचडब्ल्यूमॉन४ असेल तिथे @बोर्ड@, एचडब्ल्यूमॉन२ असेल तिथे @सीपीयू@ अशा खुणा घाला. एक लहान स्क्रिप्ट नेम फाइलींवरून आजचे क्रमांक शोधतं, ‘सेड’ने खुणा भरतं आणि /ईटीसी/फॅनकंट्रोल लिहितं. हे स्क्रिप्ट वनशॉट (एकदा चालून संपणाऱ्या) प्रकारच्या वेगळ्या सिस्टिमडी सेवेत ठेवा, आणि तिला ‘बिफोर=फॅनकंट्रोल.सर्व्हिस’ द्या. दोन गोष्टी विसरू नका. ड्रायव्हर अजून चढलेला नसेल तर स्क्रिप्टने अर्धा मिनिट थांबून पुन्हा पुन्हा पाहावं. आणि दोन्ही नावं सापडल्याशिवाय फाइल लिहू नये. डेव्हपाथची ताडणी तशीच राहते, त्यामुळे साच्यात काही गडबड झाली तरी फॅनकंट्रोल थांबतो आणि बायोस पंखे सांभाळतो.

जुनी टूल्स सोडायची वेळ

क्रमांकाचा घोळ नसतानाही आकडे चुकत असतील तर टूलचं वय पाहा.

एचडीडीटेम्प हे ठळक उदाहरण. कोणत्या डिस्कमध्ये तापमान कुठल्या खान्यात आहे याची यादी ते स्वतःच्या फाइलीत बाळगतं, आणि त्याचा मूळ विकास कित्येक वर्षांपूर्वीच थांबला. नव्या डिस्क त्या यादीत नाहीत. डेबियन १२ आणि उबंटू २२.०४ मध्ये ते पॅकेजच मिळत नाही, आणि ७६३४ पोर्टवर त्याच्याकडून उत्तराची वाट पाहणारी जुनी कॉन्की किंवा पॅनलची ॲपलेट गप्प बसते. जुनं पॅकेज कुठून तरी शोधून बसवण्यापेक्षा ‘मॉडप्रोब ड्राइव्हटेम्प’ करा. हा ड्रायव्हर आपोआप चढत नाही, म्हणून मॉड्यूल्स-लोड.डी मध्ये त्याचं नाव घाला. मग साटा डिस्क सेन्सर्सच्या यादीत बाकीच्यांच्या बरोबरीने दिसतात. एक इशारा कर्नलच्या दस्तऐवजातच आहे: काही डिस्कवर तापमान वाचलं की झोपी जाण्याची उलटमोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. बॅकअपची डिस्क निजतच नसेल तर वाचण्याचं अंतर वाढवा.

चिप शोधून देणाऱ्या सेन्सर्स-डिटेक्टचंही तसंच. बऱ्याच वितरणांनी ऑक्टोबर २०१९ची ३.६.० आवृत्ती पुढे कित्येक वर्षं चालवली. नव्या मदरबोर्डवर ते ‘अनोळखी चिप’ म्हणतं आणि लोक समजतात की लिनक्सला हा बोर्ड चालत नाही. पण कर्नलचा ड्रायव्हर पुढे गेलेला असतो. एनसीटी६७७५ हा एकच मॉड्यूल नुव्होटॉनच्या त्या घराण्यातल्या कितीतरी चिप सांभाळतो, म्हणून तो हाताने चढवून पाहा. चढला की यादीत एनसीटी६७९८ असं चिपचं खरं नाव दिसेल. त्यातले ऑक्सटिन नावाचे सेन्सर १२० अंश किंवा शून्याखालचे आकडे दाखवत असतील तर घाबरू नका. त्या पायांना बोर्डवर बहुधा काही जोडलेलंच नसतं. सेन्सर्स.डी मध्ये चिपच्या नावाने फाइल करून ‘इग्नोर’ने ते लपवा.

फार जुनी स्क्रिप्टं एचडब्ल्यूमॉन०/डिव्हाइस/टेम्प१_इनपुट असा मार्ग धरतात. पूर्वी पुष्कळ ड्रायव्हर आपल्या फाइली डिव्हाइसखाली ठेवत. आता त्या थेट एचडब्ल्यूमॉनच्या फोल्डरमध्ये असतात. मधलं ‘डिव्हाइस’ काढलं की चालेल, पण हात लावलाच आहे तर क्रमांकही काढून टाका.

दुरुस्ती खरी आहे का ते तपासणं

पुढच्या कर्नल अपडेटची वाट पाहायची गरज नाही. क्रमांक मुद्दाम बदलून पाहता येतो. फॅनकंट्रोल आधी बंद करा. मग ‘मॉडप्रोब -आर’ने के१०टेम्प आणि ड्राइव्हटेम्प दोन्ही उतरवा, आणि यादीत जो आधी होता तो नंतर येईल असे उलट क्रमाने चढवा. एकच उतरवून चढवला तर त्याला तोच रिकामा क्रमांक परत मिळेल आणि काहीच सिद्ध होणार नाही, म्हणून दोन्ही लागतात. इंटेलवर के१०टेम्पच्या जागी कोअरटेम्प घ्या. नेम फाइलींची यादी पुन्हा काढून क्रमांक खरंच बदलले आहेत ना ते पाहा. मग पॅनल पाहा, ‘स्ट्रेस-एनजी’ने सगळ्या कोअरना मिनिटभर काम द्या आणि सीपीयूचा आकडा चढतो का ते बघा. शेवटी साचा भरणारी सेवा आणि फॅनकंट्रोल पुन्हा सुरू करा, आणि /ईटीसी/फॅनकंट्रोलमध्ये नवे क्रमांक आले आहेत याची खात्री करा.